१९७४ ची आल्फा स्पायडर, एका दिवसाच्या भाड्यानं: इंजिनला दहा, दुसऱ्या गिअरला चार

आधी निकाल सांगतो, पुराण नंतर. फ्लॉरेन्सला जाणार असाल, तीनेकशे युरो सोडायची तयारी असेल आणि क्लच-गिअरच्या गाडीवर हात बसलेला असेल, तर जुनी आल्फा रोमिओ स्पायडर एक दिवस भाड्यानं घ्याच. दोन दिवस नको, कंबर ऐकायची नाही. गाडी गावात फिरवू नका, घाटात न्या. आणि ज्यांना नुसतं गाडीला टेकून फोटो काढायचाय त्यांनी पैसे वाचवावेत. उभी गाडी बघायला तिथंही फुकटच आहे.

माझा धंदा कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. सिलिंडर बोअरिंग, होनिंग, हेडची कामं. वडिलांपासून चालत आलेला. त्यामुळं गाडी दिसली की मी आधी बॉनेट उघडायला सांगतो, रंग मागनं बघतो. इटालियन गाडी म्हणजे आमच्या पिढीला कुर्ल्याची फियाट, पुढं तिची पद्मिनी झाली ती. बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी ६८ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५, सगळं मिळून १०८९ सीसी. मध्यरात्री उठवून विचारलं तरी हे आकडे चुकायचे नाहीत, इतके ब्लॉक टेबलावरून गेलेत. लेक बोलोन्याला नोकरीला आहे, तिच्याकडं आम्ही दोघं गेलो होतो. गाडीचं बुकिंग तिनंच करून ठेवलं होतं. स्पायडरला कामाच्या सीटा दोनच, म्हणून लेक घरी राहिली आणि आम्ही नवरा-बायको निघालो.

आमच्या वाट्याला आली ती ‘२००० स्पायडर वेलोचे’. पिवळी. लाल नव्हती याचा मला आनंदच झाला, इटालियन म्हटलं की लाल हा हट्ट मला कधी कळलेला नाही. हे मॉडेल १९६६ साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये आलं आणि थोडेफार फेरफार करत १९९३ पर्यंत बनत राहिलं. आकार पिनिनफारिना या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या इटालियन कंपनीचा. बॉडी त्यांच्याकडं, तुरिनजवळ ग्रुल्यास्कोला तयार व्हायची आणि मिलानजवळच्या आरेसेला आल्फाच्या कारखान्यात तिच्यात इंजिन-गिअरबॉक्स बसायचं. पहिल्या गाड्यांचं बूड गोल निमुळतं होतं, १९७० पासून ते सरळ छाटून टाकलं. शौकीन लोक गोल बुडाला जास्त पैसे मोजतात. मला छाटलेलं बरं वाटलं. डिकीत दोन बॅगा व्यवस्थित बसल्या आणि मागं घेताना गाडी कुठं संपते ते कळलं.

आता बॉनेट. इथं मी जरा वेळ घेणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या दोन परिच्छेदांना वळसा घालावा.

१९६२ सीसी, बोअर ८४, स्ट्रोक ८८.५. हेडही ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉकही ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे वेट लायनर, म्हणजे बाहेरून पाणी खेळणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या. वर दोन कॅमशाफ्ट, चेनवर फिरणारे. एक्झॉस्ट व्हॉल्व आतून पोकळ आणि त्यात सोडियम भरलेलं, उष्णता लवकर खेचून नेण्यासाठी. टॅपेट सेटिंगला स्क्रू-नट नाही. गॅप चुकली तर कॅमशाफ्ट उतरवा, बकेटखालची शिम, म्हणजे पातळ चकती, काढा, दुसऱ्या जाडीची घाला. दोन आडवे कार्ब्युरेटर, प्रत्येकाला दोन घसे, म्हणजे चार सिलिंडरला चार स्वतंत्र वाटा. या सगळ्यातून १३२ हॉर्सपॉवर. चारी चाकांना डिस्क ब्रेक, पाच गिअर. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीत! आणि हे त्यांनी सत्तरीत नवीन काढलेलं नव्हे, या घराण्यातलं पहिलं इंजिन १९५४ च्या आल्फाच्याच जुलिएत्तामध्ये बसलं होतं. आपल्या पद्मिनीत शेवटपर्यंत कॅम खाली ब्लॉकमध्येच राहिला आणि वर पुशरॉड. पद्मिनीला नावं ठेवत नाही, तिनं आमचं घर चालवलंय. पण एकाच देशातल्या ड्रॉइंग बोर्डावरून या दोन गोष्टी निघाल्या हे हाताला जाणवलं तेव्हा जरा गप्पच झालो.

या इंजिनाचं एक दुखणं त्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, हेड गॅस्केट. हेड आणि ब्लॉकमधून तेल वर जायची जी भोकं आहेत, त्यांना रबराच्या छोट्या ओ-रिंग असतात. इंजिन गार असताना कुणी दामटलं की तिथं झिरपायला सुरुवात होते, आणि मग हेड उतरवणं आलं. म्हणून मी हात लावायच्या आधी जोडाच्या रेषेवर, एक्झॉस्टच्या बाजूनं, रुमाल फिरवला. कोरडा निघाला. गॅरेजवाला साठीच्या पुढचा माणूस, इंग्रजी मोजकंच. त्यानं रुमालाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि अनामतीचे कागद बाजूला सारून आधी कॉफी मागवली. पुढची पंधरा मिनिटं आम्ही हातवाऱ्यांनी बोललो. त्यानं सांगितलेल्या अटी दोन. पाण्याचा काटा वर येईपर्यंत तीन हजार आरपीएमच्या पुढं जायचं नाही. आणि दुसरी अट सांगताना त्यानं छातीवर हात ठेवला: “थर्ड टू सेकंड, स्लोली. प्लीज.”

तर दुसरा गिअर. या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना दातांचा वेग जुळवणारी कडी, कच्चा असतो, झिजतो, आणि झिजला की तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना खर्रकन दात वाजतात. गाडीत बाकी कितीही पॉलिश मारलेलं असो, हे लपत नाही. गिअरची दांडी मजेशीर आहे. जमिनीतून सरळ वर न येता पुढच्या बाजूनं तिरकी आपल्याकडं येते, सरकवताना हात पुढं-मागं कमी आणि वर-खाली जास्त जातो. पाच मिनिटांत सवय होते. तिसरा, चौथा, पाचवा लोण्यासारखे पडतात. दुसऱ्याला मात्र मान द्यावा लागतो. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, परत क्लच, मग दुसरा. जुन्या ट्रकवर शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको, डबल क्लच. आमच्या वडिलांनी मला टाटाच्या ट्रकवर हे शिकवलं तेव्हा त्याचा पुढं उपयोग टस्कनीत होईल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. नीट केलं तर दांडी आपोआप आत ओढली जाते. घाई केली तर सगळ्या खोऱ्याला कळतं. या खात्यात चार मार्क, तेही मी उदार आहे म्हणून.

गॅरेज शहराच्या नैर्ऋत्येला होतं, आम्हाला जायचं होतं उत्तरेला. मधे आर्नो नदी. ती ओलांडायचा पूल म्हणजे विआदोत्तो देल इंदियानो, आणि हा इंदियानो म्हणजे आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये गेले, ऐन विशीत. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, तिथं कास्चिने बागेच्या टोकाला त्यांची छत्री आहे. ती मँटसाहेबांनी योजलेली, ज्यांनी पुढं आपला न्यू पॅलेस बांधला तेच. आदल्या संध्याकाळी आम्ही तिथं फुलं वाहून आलो होतो. पुलावर मी चौथ्यात जरा पाय दाबला तर शेजारून आवाज आला, “अहो, हळू. आपल्या महाराजांचा पूल आहे.” हळू केली.

शहराच्या कडेकडेनं जाताना गाडी अजिबात सुखाची नाही, हे स्पष्ट लिहितो. क्लच जड. स्टिअरिंगला पॉवर नाही. चालत्या गाडीत हलकं, पण पार्किंगमध्ये खांदे भरून येतात. सरळ जाताना मधे बोटभर प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे, नव्या गाड्यांसारखं रॅक-पिनियन स्टिअरिंग नसल्यामुळं तो असायचाच. इंजिनाखालची सम्प, म्हणजे तेलाचं भांडं, ॲल्युमिनियमची, गार राहायला बाहेरून पात्या असलेली आणि जमिनीला नको तितकी जवळ, म्हणून प्रत्येक गतिरोधकावर जीव मुठीत. सिग्नलला दोन-तीनदा थांबलं की पाण्याचा काटा सरकायला लागतो आणि तेलाच्या दाबाचा काटा आयडलला खाली झोपतो. दुसरं बघून नवखा घाबरेल. गरम तेलावर ते तसंच दिसतं, रेस दिल्यावर वर येतं ना एवढंच बघायचं. बसायची पद्धत जुनी इटालियन, म्हणजे हात लांब केले तर पाय दुमडतात आणि पायांना जागा केली तर स्टिअरिंग लांब जातं. माझी उंची बेताची, मला निभावलं. सहा फुटी माणसानं आधी बसून बघावं. आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी घालायचीच नाही, कॅमेरे आहेत, दंडाचं पत्र घरी येतं. गाडी पन्नास वर्षांची आहे म्हणून कॅमेरा दया दाखवत नाही.

विया बोलोन्येजे लागला आणि चित्र पालटलं. हा जुना राज्यमार्ग ६५, फ्लॉरेन्सहून डोंगर ओलांडून बोलोन्याला जाणारा. प्रातोलिनो, वाल्या, सान पिएरो अ सिएवे अशी गावं घेत मुजेल्लोच्या खोऱ्यात उतरतो आणि पुढं फुता घाट चढतो. खालून अपेनाइन डोंगर पोखरून काढलेला ए-वन महामार्ग गेलाय, अवजड वाहतूक सगळी तिकडं. वर उरतात स्थानिक माणसं, सायकलवाले, मोटारसायकलवाले आणि आमच्यासारखे हौशी. १९२७ ते १९५७ मिल्ले मिल्या, म्हणजे हजार मैलांची मोटार शर्यत होत होती, तिचा परतीचा टप्पा याच फुता आणि रातिकोझा खिंडीतून जायचा. १९५५ साली स्टर्लिंग मॉसनं मर्सिडीज घेऊन सगळी शर्यत दहा तास सात मिनिटांत मारली, सरासरी ताशी १५७ किलोमीटरच्या वर. त्या रस्त्यावरची वळणं बघितल्यावर हा आकडा माणसाचा वाटत नाही.

सान पिएरोच्या पुढं एका खानावळीत जेवलो. मुजेल्लोचे तोर्तेल्ली, आत बटाट्याचं सारण, वर मटणाच्या जातीचा रस्सा म्हणून आणला तो निघाला बीफ-डुकराचा, मग बायकोनं नुसत्या लोण्यातले मागवले. चांगले होते. तिखट नाही, ही तक्रार आम्ही कुठंही करतो.

जेवून निघालो तोवर इंजिन, तेल, गिअरबॉक्स सगळं मनासारखं तापलं होतं. टप खाली केला. हा टप बनवणाऱ्याला मात्र शंभर टक्के. दोन खटके काढायचे आणि बसल्या जागेवरून एका हातानं मागं टाकायचा. नव्या गाड्यांत याच कामाला मोटरी आणि पंप लागतात.

आणि मग घाट. तिसरा गिअर, साडेतीन हजार. इथपर्यंत गाडी नुसती चालत होती. साडेतीनच्या पुढं कार्ब्युरेटर श्वास ओढायला लागतात आणि तो आवाज एक्झॉस्टच्या आधी येतो, समोरून, बॉनेटखालून. चार हजार, साडेचार हजार. ढकलल्यासारखा धक्का नाही, टर्बोसारखा उशीर नाही. पायाचा अंगठा जितका हलेल तितकंच इंजिन हलतं, ना कमी ना जास्त. माझी घरची गाडी नवी आहे, टर्बो पेट्रोल, आकड्यांत या आल्फाच्या फार मागं नाही. पण तिच्यात मी पाय दाबतो आणि कुणीतरी आत विचार करून ठरवतं की किती द्यायचं. इथं पाय आणि कार्ब्युरेटरची झडप, बटरफ्लाय, यांच्यामधे नुसती लोखंडी दांडी. हे मी वर्षानुवर्षं टेबलावर सुटं बघितलंय, चालतं कधी मांडीखाली बघितलं नव्हतं.

वेग किती? मीटरवर सत्तर, पंचाहत्तर. त्या रस्त्याला गावाबाहेर नव्वदची मर्यादा आहे आणि मी ती कुठंही ओलांडली नाही, ओलांडावीशी वाटलीही नाही. गाडीचं वजन टनाच्या आसपास, टायर १४ इंची आणि रुंदी १६५, म्हणजे आजच्या छोट्या हॅचबॅकसारखेच. साठला वळण घेतलं की गाडी बाहेरच्या अंगाला कलते, टायर बोलायला लागतं, स्टिअरिंगमधून रस्त्याचा पोत हाताला कळतो. आणि वळणात डांबर उखडलेलं असलं की मागचा अखंड ॲक्सल एक उडी मारतो, हेही कळतं. नव्या स्पोर्ट्स कारमधून इतकं काम वाट्याला यायला याच रस्त्यावर दीडशेनं जावं लागेल, म्हणजे एक तर दंड नाहीतर दरी. साठ-सत्तरच्या वेगात माणसाला पूर्ण कामाला लावते, माझ्या हिशेबानं या गाडीची सगळी किंमत यात आहे. दिसणं बिसणं नंतर.

बायकोचं मत वेगळं पडलं. तिचं म्हणणं, वारा फार, पेट्रोलचा वास फार आणि दोन सीटांमधल्या गिअरबॉक्सच्या उंचवट्यातून पायाला गरम वाफ लागते. तिन्ही खरं आहे. ओढणी डोक्याला घट्ट बांधून ती फुतापर्यंत काही बोलली नाही. खिंडीत, ९०३ मीटरवर थांबलो तेव्हा म्हणाली, “तुम्ही घरच्या गाडीत इतकं गप्प नसता.”

खिंडीच्या वर जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे, तीस हजारांवर थडगी. तिथं पायी जाऊन आलो. पुढं रातिकोझा ९६८ मीटर, चढ-उतार मोठा नाही, पण रस्ता उघड्या माळावरून जातो आणि वाऱ्यानं बोलणं ऐकू येत नाही. रातिकोझाला मोटारसायकलवाल्यांची जत्रा भरते. आमची गाडी लागल्याबरोबर दोघे म्हातारे आले, एकानं काही न विचारता बॉनेटकडं बोट दाखवलं. उघडलं. त्यानं कॅम कव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून अंगठा वर केला. आमच्या उद्यमनगरातही परीक्षा अशीच होते, तापलेल्या इंजिनावर हात ठेवून.

उतरताना आपला घाटाचा नियम, ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं. ब्रेक डिस्कचे आहेत, बरोबर लागतात, पण दाबावे लागतात, आणि एबीएस वगैरे काही नाही. इंजिन ब्रेक इतका छान लागतो की पायाला काम कमीच पडलं. पेट्रोल मात्र पितं. परत देताना टाकी भरली त्यावरून हिशेब लिटरला दहाच्या आसपास बसला. तिथं पंपावर माणसानं भरून दिलं तर जास्त दर, स्वतः भरलं तर कमी, स्वतःच भरा.

आता सेवेबद्दल. गाडी द्यायची पद्धत उत्तम, माणूस जाणकार, इंजिनाची देखभाल मनापासून केलेली. दिवसाला दीडशे किलोमीटरची मर्यादा मला जाचक वाटली. रातिकोझाला जाऊन आलं की ती जवळजवळ संपते, बोलोन्यापर्यंत उतरायचा विचार सोडूनच द्यायचा. आणि क्रेडिट कार्डावर अडकवलेली अनामत सुटायला पंधरवडा गेला, दोन मेल केल्यावर. गाडीवर ओरखडा नव्हता, कागदावर तसं लिहून दिलं होतं, तरी. यासाठी मी एक तारा कापतोय.

घेणार असाल तर एवढं करा. आपल्या लायसन्सबरोबर आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट घेऊन जा. गाडी तुम्ही पोचायच्या आधी चालू करून ठेवू नका असं बजावून सांगा, गार इंजिन कसं उठतं ते स्वतः ऐका. निळा धूर निघाला आणि लगेच विरला तर चालेल, निघतच राहिला तर दुसरी गाडी मागा. पहिल्या फेरीत गॅरेजवाल्याला शेजारी बसवा आणि त्याच्यासमोर तिसऱ्यातून दुसऱ्यात या, म्हणजे आधीचा आवाज तुमच्या नावावर लागणार नाही. अनामत किती दिवसांत सुटणार ते लिहून घ्या. आणि शक्यतो मंगळवार-बुधवारची सकाळ मागा. रविवारी फुता घाट मोटारसायकलवाल्यांचा असतो, आरशात बघून बघूनच मान दुखेल.